आरपीएमचा काटा आणि बोटाच्या टोकाएवढं ऑइल सील

रविवारी सकाळी गाडी काढली होती, तिसऱ्या गिअरला साधारण चार हजारावर चाललो होतो आणि उजव्या मीटरच्या बाजूने टक् असा एकदम बारीक आवाज आला. इंजिनाला काही झालेलं नव्हतं, ते आपलं मस्त चाललेलं, पण आरपीएमचा काटा चार हजारावरून खाली यायला लागला आणि हळूहळू शून्याच्या पिनवर जाऊन टेकला. हे 'हळूहळू' लक्षात ठेवा, कारण माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही आणि पुढचे तीन आठवडे त्यामुळेच गेले.

गाडी १९७२ ची, ३५० सीसी, दोन सिलेंडर, फोर स्ट्रोक. वडिलांनी पंचवीस वर्षं चालवली, आता माझ्याकडे आहे. दोन्ही मीटर ओरिजिनल आहेत, आकडे जरा पिवळट पडलेत, आणि मला ते तसेच हवेत. कोणी म्हणालं की आता इलेक्ट्रॉनिक मीटर लाव, तसाच दिसणारा मिळतो, तारा जोडल्या की काम झालं. असेल. पण लहानपणी टाकीवर बसून मी जो काटा वर चढताना बघितलाय तो हा आहे, त्यामुळे हाच दुरुस्त करायचा हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

आता हा मेकॅनिकल टॅकोमीटर चालतो कसा ते थोडक्यात सांगतो, कारण ते नीट कळलं नाही तर माणूस भलतीकडेच शोधत बसतो. फोर स्ट्रोकमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारी दांडी, इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. माझ्या गाडीत कॅमवर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर आहे, त्यावर एक छोटा गिअर बसतो आणि तिथे वेग अजून निम्मा होतो, म्हणजे इंजिन चार वेळा फिरलं की केबलची इनर, म्हणजे आतली फिरणारी तार, एकदा फिरते. डायलवर खाली अगदी बारीक अक्षरात १:४ लिहिलंय ते हेच. इनर वर जाऊन मीटरमधलं एक गोल मॅग्नेट फिरवते. मॅग्नेटभोवती ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते, दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, मध्ये केसभर फट असते. मॅग्नेट फिरलं की वाटीत एडी करंट, म्हणजे धातूत गोल फिरणारा विजेचा प्रवाह, तयार होतो आणि वाटी मॅग्नेटच्या मागे ओढली जाते, तिला केसासारखी बारीक स्प्रिंग मागे खेचत असते आणि या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा दिसतो. बस, एवढंच आहे. ना वायर ना बॅटरी. मॅग्नेट चालवतं आणि स्प्रिंग अडवते, मधे तिसरं कोणी नाही, आणि तिसरं कोणी आलं की बिघाड झाला असं समजायचं.

तर पहिला संशय अर्थातच केबल. मीटरच्या खालचा नट सोडला, प्लग काढले म्हणजे किक हलकी होते, आणि किक मारत इनरच्या टोकाकडे बघत बसलो. टोक ढिम्म. इनर वरून ओढली तर जवळजवळ सगळी हातात आली आणि खालचं दोन इंचाचं तुकडं इंजिनकडेच राहिलं. तारा एकेक करून तुटत गेलेल्या दिसत होत्या, टोकाला झाडूसारखं झालेलं. म्हटलं चला, सापडलं. पन्नास वर्षं जुनी केबल, तुटणारच.

नवीन केबल आणली, आणि ही चूक बरेच जण करतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. केबल बसवली, खालचा नट घट्ट केला, वरचा नट बोटाने फिरवला तर शेवटचे दोन आटे जाईचनात. पाना लावला असता तर गेले असते. पण हाताने जो नट पूर्ण बसायला हवा तो बसत नाही म्हणजे आत काहीतरी अडतंय. केबल काढून जुनीच्या शेजारी टेबलावर ठेवली, जुने तुकडे जोडून मापलं, तर आउटर, म्हणजे बाहेरची नळी, सारखीच पण नवीन इनर साधारण ३ मिलिमीटर लांब. अशी इनर जबरदस्तीने बसवली तर ती आत धनुष्यासारखी वाकते, खाली गिअर दाबते आणि वर मीटरच्या दांडीला, म्हणजे ज्यावर मॅग्नेट बसतं तिला, सतत वर ढकलत राहते, मग दांडी ज्यात फिरते तो बुश खलास. इनरला आउटरमध्ये एक-दोन मिलिमीटर वरखाली हलायला जागा पाहिजेच. केबल बदलून घेतली. दुसरी बरोबर निघाली.

बसवण्याआधी इनर तपासायची एक सोपी रीत आहे. इनर पूर्ण बाहेर काढायची, दोन्ही टोकं दोन हातात धरून यू आकार करायचा आणि एका हाताने टोक हळूहळू फिरवायचं. चांगली असेल तर दुसरं टोक सुरळीत फिरतं. कुठे कणभर पीळ किंवा वाक असेल तर मधेच अडते आणि मग उसळी मारून पलटी खाते, हाताला लगेच जाणवतं. मीटरचा काटा जो थरथरतो तो बऱ्याचदा या उसळीमुळेच. ग्रीस मी खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावलं, पातळ थर, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवला. इनरच्या तारा स्क्रूच्या आट्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे फिरताना ती ग्रीस वर चढवते आणि जास्त लावलं तर ते थेट मीटरमध्ये जातं. हे मला माहिती होतं. या माहितीचा जो दुसरा अर्थ होता तो मात्र तोपर्यंत डोक्यात शिरला नव्हता.

गाडी चालू केली, काटा उठला, फार बरं वाटलं. पण दोन-अडीच हजारावर काटा नुसता नाचत होता, कधी दोन, कधी तीन, वर चार हजाराच्या पुढे गेलं की शांत. शिवाय हँडल डावीकडे वळवलं की नाच वाढायचा. केबलचा रस्ता बघितला तर हेडलाइटच्या मागे एका क्लॅम्पखाली ती फारच जोरात वळत होती. या केबलना सहा इंचापेक्षा लहान त्रिज्येचं वळण चालत नाही, आत इनर आउटरला घासते, अडकते, स्प्रिंगसारखा पीळ साठवते आणि मग एकदम सोडते. क्लॅम्प सोडून केबल बाहेरच्या बाजूने मोठ्या वळणाने घेतली. नाच अर्ध्यावर आला, पण गेला नाही.

इथे मी दोन-तीन दिवस अडकलो. केबल नवी, रस्ता सरळ, खालचा गिअर काढून बघितला तर दाते एकदम छान. म्हणजे मीटरच गेला असणार असं वाटायला लागलं आणि खरं सांगतो, धीर खचला, कारण तो मीटर उघडायची हिंमत होत नव्हती.

घड्याळं दुरुस्त करणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत, आता वय झालंय पण हात अजून स्थिर. त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, "अरे, केबल फिरवून बघितलीस, गिअर बघितलास. मीटरची दांडी बोटांनी फिरवून बघितलीस का?"

"नाही काका."

"मग काय बघितलंस तू? आणि मला सांग, गाडी बंद केल्यावर काटा पडतो कसा? पटकन की सावकाश?"

तेव्हा तो रविवार आठवला. केबल तुटली होती, म्हणजे मॅग्नेट लगेच थांबलं असणार आणि काटा झटकन शून्यावर पडायला हवा होता, स्प्रिंग त्यासाठीच असते. पण तो दोन-तीन सेकंद घेत आरामात उतरला होता. मग अजून एक आठवलं. गेलं वर्षभर सकाळी गार इंजिनाला आयडलिंग अठराशे-दोन हजार दाखवायचा, आवाज मात्र बाराशेचा, आणि दहा मिनिटांनी काटा खाली यायचा. मी ते चोकमुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. चोकमुळे असतं तर आवाजही वाढला असता. हे कानाला कळत होतं तरी मी काट्यावर विश्वास ठेवत राहिलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी येऊन तुटलेल्या जुन्या इनरचं चौकोनी टोक मीटरच्या खाली घातलं आणि बोटांनी फिरवलं. दांडी फिरत होती, पण मधात चमचा फिरवल्यासारखी. टोक बाहेर काढलं तर त्यावर काळपट चिकट थर. टिश्यू पेपर बारीक गुंडाळून आत घातला तर तोही काळा झाला. ते ग्रीस नव्हतं, वास घेतला तर इंजिन ऑइल.

आता सगळं जुळलं. कॅमवरच्या त्या गिअरच्या दांडीभोवती एक ऑइल सील असतं, ऑइल बाहेर येऊ न देणारी रबराची कडी, बोटाच्या टोकावर मावेल एवढी. ते कडक होऊन गेलेलं. तिथून इंजिन ऑइल केबलमध्ये शिरायचं, आणि इनरच्या तारांच्या आट्यांमुळे केबल पंपासारखी ते वर ओढायची, किलोमीटरमागून किलोमीटर, वर्षानुवर्षं. वर मीटरमध्ये ते साठलं, सुकलं, डिंकासारखं झालं. दांडी जड झाली. दांडी जड म्हणून इनरवर ताण, ताणाने पीळ, आणि जिथे केबल इंजिनातून बाहेर पडून लगेच वळते तिथे एकेक तार तुटत शेवटी टक्. मी तुटलेली केबल बदलली होती. तिला तोडणारी गोष्ट तशीच होती, नवी केबलही वर्ष-दोन वर्षात तशीच तुटली असती.

सील बदलणं त्या मानाने सोपं. त्या गिअरला धरणारी पट्टी एका बोल्टवर असते, ती काढली की गिअरचं हाउसिंग, म्हणजे घर, हलकेच फिरवत बाहेर येतं, वर ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग असते ती पण बदलून टाकायची. सील मात्र आत घट्ट बसलेलं असतं, टोकदार काहीतरी घालून उचकटायला गेलं तर हाउसिंगच्या भिंतीला ओरखडा पडतो आणि मग नवं सीलही गळतं. मी सीलच्या रबरात एक बारीक स्क्रू दोन आटे फिरवला आणि स्क्रूचं डोकं पकडीत धरून सरळ ओढलं, गुपचूप आलं. जुन्या सीलची आतली कड नखाने दाबली तर प्लॅस्टिकसारखी कडक, नव्याची मऊ. नवं बसवताना स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे, कडेला बोटाने जरासं ग्रीस, आणि बाहेरच्या व्यासाला साजेसा सॉकेट ठेवून हळू हळू दाबत नेलं. गिअरची दांडी घालताना तिच्यावर धार नाही ना ते बघा, नाहीतर घालतानाच नवी कड कापली जाते.

मग मीटर. काकांना म्हटलं तुम्ही उघडा, तर म्हणाले, "मी शेजारी बसतो, तू उघड."

या मीटरची पुढची रिंग दाबून वळवलेली असते, स्क्रू नसतात. कडेला टेप लावला, बोथट केलेला छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कड एका जागी पूर्ण न उचलता सगळीकडून थोडी थोडी उचलत चार फेऱ्या मारल्या. एका फेरीत करायला गेलं तर रिंग लाटेसारखी होते आणि परत कधीच सरळ दिसत नाही. पाऊण तास लागला. काच बाजूला झाली आणि इतक्या वर्षांनी तो डायल मी पहिल्यांदा उघडा बघितला, आकड्यांचा रंग जवळून अजून किती ताजा होता! जाता जाता एक सांगतो, फार जुन्या काही मीटरच्या आकड्यांना अंधारात चमकणारा, किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असायचा, तसला डायल खरवडू नये, पुसूही नये, आहे तसा बंद करून ठेवावा.

काटा काढायच्या आधी एक काम करायचं असतं जे काकांनी शिकवलं. काटा शून्याच्या पिनवर टेकलेला दिसतो पण ते त्याचं खरं ठिकाण नसतं, स्प्रिंग त्याला पिनवर थोडी दाबून धरते. म्हणून काटा किंचित उचलून पिनवरून पलीकडे सोडायचा, तो मोकळेपणी जिथे जाऊन थांबेल तिथे डायलच्या कडेला टेपवर खूण करायची. परत बसवताना काटा त्या खुणेवर बसवायचा आणि मग उचलून पिनच्या अलीकडे आणायचा. खूण केली. मग डायलवर कागद ठेवून दोन चमचे दोन बाजूंनी काट्याच्या बुडाखाली घातले आणि एकाच वेळी दोन्ही दाबले. काटा ज्या दांडीवर बसतो ती टाचणीएवढी असते, एका बाजूने उचकटलं तर वाकलीच.

डायल निघाला आणि आत जे दिसलं त्यावर दोघंही गप्प झालो. वाटी आणि मॅग्नेटच्या मधल्या त्या केसभर फटीत काळं ऑइल भरलेलं होतं. जिथे फक्त हवा पाहिजे तिथे ऑइल, म्हणजे मॅग्नेट वाटीला चुंबकाने ओढत होतं आणि वर ऑइलही तिला बरोबर घेऊन फिरत होतं. सकाळी गार असताना ऑइल जाड, म्हणून रीडिंग जास्त. गरम झालं की पातळ, म्हणून कमी. वर्षभराचं ते गार-गरम कोडं एका नजरेत सुटलं.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी काडीला कापूस, पण डायलच्या छपाईला अजिबात लावायचं नाही. ब्रेक क्लीनर वगैरे तर जवळही आणू नये, आतल्या प्लॅस्टिकला आणि रंगाला खातो. स्प्रिंगला हात लावला नाही, तिच्यावर फक्त अल्कोहोलचे थेंब सोडले आणि कापसाच्या टोकाने टिपून घेतले, स्प्रिंगची दोन वेटोळी एकमेकांना चिकटली तरी रीडिंग बदलतं. दांडीच्या बुशमध्ये सहा-सात वेळा अल्कोहोल सोडून फिरवत राहिलो, प्रत्येक वेळी तपकिरी पाणी यायचं, सातव्या वेळी स्वच्छ आलं. मग काकांनी त्यांच्या तेलाच्या बाटलीत सुई बुडवली आणि सुईच्या टोकावरचा एकच थेंब बुशला टेकवला. मी म्हटलं अजून एक टाका की. "बास," म्हणाले, "जास्त तेलानेच तर मेला होता तो."

दांडी आता नुसत्या फुंकरीने फिरेल अशी झाली.

तपासणीसाठी जुन्या इनरचं चौकोनी टोक वीतभर कापून बॅटरीच्या ड्रिलमध्ये धरलं. दिशा आधी बघून घ्या, काटा वर चढला पाहिजे, उलट फिरवलं तर तो पिनवर आपटतो आणि इनरच्या ताराही उलगडतात. ड्रिलच्या चकवर चमकणारी पट्टी चिकटवून लेझरच्या डिजिटल टॅकोमीटरने चकचा वेग मोजला. ५०० ला मीटरने २,००० दाखवायला हवं, १,००० ला ४,०००, १,५०० ला ६,०००. दाखवलं २,३००, ४,३००, ६,३००.

इथे फरकाचा प्रकार बघायचा असतो. मॅग्नेट कमजोर झालं असेल तर फरक वेगाबरोबर वाढत जातो, दोन हजाराला शंभर कमी तर सहा हजाराला तीनशे कमी असा, आणि मग मॅग्नेटची चुंबकशक्ती परत भरून घ्यावी लागते. माझ्याकडे सगळीकडे सारखाच ३०० जास्त. म्हणजे मॅग्नेट आणि स्प्रिंग दोन्ही ठणठणीत, फक्त काटा चुकीच्या जागी बसलाय. पण मी तर खुणेवरच बसवला होता! काका थोडा वेळ विचार करत बसले मग म्हणाले की खूण केली तेव्हा आत चिकट होतं ना, काटा खऱ्या जागेपर्यंत गेलाच नाही, अलीकडेच थांबला, आणि आपण त्यालाच खरं धरलं. अगदी बरोबर होतं. काटा काढून खुणेच्या किंचित खाली बसवला, दुसऱ्या प्रयत्नात २,०००, ४,०००, आणि सहा हजाराला सुईभर वर. तेवढं सोडून दिलं. नव्या मीटरलाही यापेक्षा जास्त अचूकपणा नसावा.

हे सगळं मॅग्नेटवाल्या मीटरबद्दल आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांवर स्मिथ्स कंपनीचे क्रोनोमेट्रिक मीटर असायचे, त्यांच्या आत घड्याळासारखी यंत्रणा असते आणि काटा टप्प्याटप्प्याने उड्या मारतच सरकतो. तो बिघाड नाही, तो तसाच चालतो. तो मीटर मात्र घरी उघडू नका, जाणकाराकडेच द्या.

बंद करताना काचेखालचं रबर नवीन घातलं, रिंग लाकडाच्या गुळगुळीत तुकड्याने परत थोडी थोडी दाबत वळवली. मागे हवेसाठी एक बारीक भोक असतं ते बुजवू नका, नाहीतर काच आतून धुरकट होते.

पहिल्या दिवशी गाडी चालू केली तेव्हा मी इंजिनाकडे लक्षच दिलं नाही, नुसता काटा बघत होतो. गार इंजिन, काटा बाराशेवर, आणि कानालाही बाराशेच. तीन हजार, पाच हजार, कुठेही थरथर नाही. मग किल्ली बंद केली आणि काटा पिनवर टक्कन पडला, डोळ्याची पापणी लवायच्या आत. काकांना फोन लावून तो आवाज ऐकवायचा प्रयत्न केला, त्यांना काही ऐकू आलं नाही, पण म्हणाले, "पडला ना पटकन? मग झालं."

त्यानंतर चारशे किलोमीटर झाले. काल मीटरखालचा नट सोडून इनरच्या टोकाला टिश्यू लावला. पांढराच राहिला. हजाराला परत एकदा लावून बघणार आहे.